फोन लहान कसा झाला?

आमच्या प्रयोगशाळेत रसायने तोलण्यासाठी एक अचूक तराजू आहे. काही दिवसांपूर्वी मी त्यावर माझा एक मोबाईल फोन ठेवून पाहिला. वजन भरले २२ ग्रॅम. पाच रुपयांचे जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे असते. म्हणजे माझा फोन अडीच नाण्यांहूनही किंचित हलका! लांबी सात सेंटिमीटरांच्या आत, रुंदी माझ्या अंगठ्याहून थोडी जास्त. त्यावर आकड्यांची बटणे आहेत, नखाएवढा पडदा आहे, आत सिमकार्ड बसते. गेले वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी मोठा फोन घरी ठेवते आणि हाच घेऊन बाहेर पडते.

तो पाहणारे लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला म्हणजे, हा खरोखरीचा फोन आहे की खेळणे? त्याचे उत्तर सोपे आहे. त्यांच्यापैकीच कोणाला तरी फोन लावून दाखवला की झाले. दुसरा प्रश्न मात्र विचार करायला लावणारा आहे. एवढा लहान फोन बनवता येतो, तर मग दुकानातले फोन वर्षागणिक मोठे का होत चालले आहेत?

यंत्रे लहान होतात कारण त्यांच्या आतल्या चिप लहान होतात, असे उत्तर आपण वर्गात पटकन देऊन टाकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. फोन हातात मावेल इतका लहान झाला, यामागे एका कामाच्या वाटणीचा इतिहास आहे. फोनने कोणते काम स्वतः करायचे आणि कोणते दुसऱ्यावर सोपवायचे, ही वाटणी गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदलली. तो इतिहास थोडक्यात पाहू या.

गाडीच्या डिकीतला फोन

१७ जून १९४६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस या शहरात मोटारगाडीतून टेलिफोन करण्याची सोय सुरू झाली. गाडीत बसवण्याच्या या संचाचे वजन होते सुमारे ३६ किलो. रिसिव्हर चालकाजवळ असे आणि बाकीचा संच मागे डिकीत. फोन लावायचा तर आधी ऑपरेटरला बोलवावे लागे. बोलताना बटण दाबून धरायचे आणि ऐकताना सोडायचे, अशी रीत होती.

एवढे वजन कशासाठी? शहराच्या मध्यावर एक उंच आणि शक्तिशाली प्रक्षेपक उभा केलेला होता. त्याचा आवाज गाडीपर्यंत सहज पोचे. अडचण होती ती उलट दिशेने. गाडीतल्या प्रक्षेपकालाही तितक्याच लांबवर आपला आवाज पोचवायचा होता, आणि त्यासाठी लागणारी वीज गाडीच्या बॅटरीतूनच घ्यायची होती. गाडीचा क्षीण आवाज पकडता यावा म्हणून शहरात निरनिराळ्या ठिकाणी जादा ग्राहक यंत्रे ठेवावी लागत. फिरत्या फोनचे ओझे जमिनीवर रोवलेल्या यंत्रांनी उचलायचे, ही कल्पना अशी पहिल्या दिवसापासूनच या इतिहासात दिसते.

दुसरी अडचण वाहिन्यांची होती. एका वेळी एका वाहिनीवर एकच संभाषण होऊ शके, आणि ती वाहिनी साऱ्या शहरासाठी अडकून पडे. १९७६ साली न्यूयॉर्कसारख्या महानगरात अशा फक्त १२ वाहिन्या होत्या. ग्राहक होते साडेपाचशेच्या आसपास, आणि फोनसाठी रांगेत थांबलेले लोक त्यांच्या कितीतरी पट. आपल्याकडे साध्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसल्याच्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

षटकोनांची युक्ती

या दोन्ही अडचणींवरचा उपाय कागदावर मात्र फार लवकर मांडला गेला होता. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डब्ल्यू. रे यंग यांच्या मदतीने एक अंतर्गत टिपण लिहिले. कल्पना अशी की साऱ्या शहरासाठी एकच मोठा प्रक्षेपक ठेवण्याऐवजी शहराचे लहान लहान षटकोनी कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र, कमी शक्तीचे केंद्र द्यायचे. एका कप्प्यात वापरलेली वाहिनी शेजारच्या कप्प्यात वापरायची नाही, पण थोडे दूर गेल्यावर तीच पुन्हा वापरायला हरकत नाही. या कप्प्यांना इंग्रजीत सेल म्हणतात, म्हणून हा सेल्युलर फोन. योगायोग असा की त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत, पहिला ट्रान्झिस्टरही काम करू लागला. पुढच्या लहान फोनचे हे दोन्ही पूर्वज एकाच घरात एकाच महिन्यात जन्मले.

ही कल्पना वर्गात समजावून देणे सोपे आहे. विद्यार्थ्यांना मधमाशांच्या पोळ्यासारखे षटकोन काढायला सांगा आणि सात रंगांचे खडू द्या. एक षटकोन आणि त्याच्या भोवतीचे सहा अशा सातांना सात वेगवेगळे रंग द्यायचे, आणि हाच नमुना पुढे पसरत न्यायचा. सातच रंगांत सारा फळा भरतो आणि एकाच रंगाचे दोन षटकोन कोठेही शेजारी येत नाहीत. रंग म्हणजे वाहिन्यांचे गट. गट सातच, पण शहर कितीही मोठे असले तरी पुरतात.

या चित्रात फोनच्या आकाराचे रहस्यही दडलेले आहे. कप्पा लहान म्हणजे केंद्र जवळ. मोकळ्या अवकाशात अंतर निम्मे झाले की तितकाच संदेश पोचवायला चौथा हिस्सा शक्ती पुरते. इमारती, झाडे आणि जमीन यांच्या गर्दीत तर हा फायदा त्याहूनही मोठा असतो. अंतर निम्मे केल्यावर कित्येकदा दहाव्या हिश्श्याहूनही कमी शक्ती लागते. केंद्र जवळ आले की फोनला ओरडावे लागत नाही, कुजबुजले तरी चालते.

मग ही कल्पना अमलात यायला तीस-पस्तीस वर्षे का लागली? कारण बोलता बोलता माणूस एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला, तर संभाषण न तोडता दुसऱ्या केंद्राकडे सोपवायला हवे. कोणाचा आवाज कोठे क्षीण होतो आहे यावर सतत लक्ष ठेवायचे आणि क्षणार्धात वाहिनी बदलायची, हे माणसाच्या हातून होण्याजोगे काम नव्हते. त्यासाठी संगणकावर चालणारी एक्स्चेंज हवी होती. अशा हस्तांतराच्या पद्धतीचे एकस्व बेल प्रयोगशाळेतील एमॉस जोएल यांना १९७२ साली मिळाले. म्हणजे फोन लहान व्हायचा तर आधी त्याच्यामागची यंत्रणा प्रचंड मोठी आणि हुशार व्हावी लागली.

हातातली वीट

३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहिले आणि हातातल्या फोनवरून त्यांनी प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेतील जोएल एंगल यांना फोन लावला. बेलचे लोक तोवर प्रामुख्याने मोटारीतल्या फोनचा विचार करत होते. कूपर यांचे म्हणणे असे की फोन जागेचा किंवा गाडीचा नसावा, माणसाचा असावा.

त्यांच्या हातातल्या त्या नमुन्याचे वजन सुमारे १.१ किलो होते. आत ३० च्या आसपास सर्किट बोर्ड होते आणि पुष्कळसे वजन बॅटरीचे होते. बोलता येई जेमतेम अर्धा तास, आणि बॅटरी पुन्हा भरायला लागत दहा तास. एवढ्याशा वेळेची काही अडचण नव्हती, कारण इतके जड यंत्र त्याहून जास्त वेळ कानाशी धरवलेच नसते, असे कूपर पुढे गमतीने सांगत.

या नमुन्यापासून विक्रीच्या फोनपर्यंत यायला दहा वर्षे लागली. डायनाटॅक ८०००एक्स या फोनला सप्टेंबर १९८३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. वजन ७९० ग्रॅम, किंमत ३९९५ डॉलर. लोकांनी त्याला वीट म्हटले ते उगीच नाही. पण आकड्यांपलीकडची एक गोष्ट लक्षात घ्या. गाडीतला सेल्युलर फोन सुमारे ३ वॉट शक्तीने बोले, तर हातातला ०.६ वॉटने. कप्प्यांची जाळी विणली गेली नसती, तर ०.६ वॉटचा आवाज कोणीच ऐकला नसता आणि ती वीट खरोखरीचीच वीट ठरली असती.

वजन कोठे गेले?

यानंतरची पंधरा-सोळा वर्षे म्हणजे लहान होण्याची शर्यतच होती. १९८९ सालचा मायक्रोटॅक सुमारे ३५० ग्रॅमचा होता. १९९६ सालचा घडीचा स्टारटॅक ८८ ग्रॅमचा. १९९९ सालचा नोकिया ८२१० तर ७९ ग्रॅमचा, म्हणजे डायनाटॅकच्या बरोबर एक-दशांश. हे वजन गेले कोठे?

काही वजन चिपमध्ये विरले. तीस बोर्डांचे काम दोन-चार चिप करू लागल्या. मायक्रोफोनही आक्रसला. जुन्या टेलिफोनमध्ये कार्बनच्या कणांची डबी असे. १९६२ साली जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्याचा, म्हणजे इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. तो मुगाच्या दाण्याएवढाही करता येतो. बॅटरीतही बदल झाला. डायनाटॅकच्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत किलोमागे सुमारे ५० वॉट-तास ऊर्जा साठे. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि आज त्याच जातीच्या बॅटरीत किलोमागे २५० वॉट-तासांपर्यंत ऊर्जा मावते. या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण सर्वांत मोठी बचत झाली ती वेळेच्या वाटणीतून. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम पद्धतीवरचा पहिला फोन लागला. या पद्धतीत एकच वाहिनी आठ फोन पाळीपाळीने वापरतात. प्रत्येक फोन ४.६ मिलिसेकंदांतून एकदाच, आणि तोही फक्त ०.५८ मिलिसेकंद बोलतो. उरलेला सात-अष्टमांश वेळ त्याचा प्रक्षेपक गप्प असतो. आपला आवाज आकड्यांत रूपांतरित करून दाटीने बसवलेला असल्यामुळे आपल्याला मधले खंड जाणवत नाहीत. कोणी बोलत नसताना तर फोन जवळजवळ झोपलेलाच असतो. अर्ध्या ते दोन सेकंदांतून एकदा तो क्षणभर जागा होतो, आपल्याला कोणी बोलावते आहे का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो.

ही पाळी कानाने ऐकता येते. बटणांचा साधा २जी फोन एखाद्या रेडिओजवळ किंवा शाळेच्या ध्वनिक्षेपकाजवळ नेऊन फोन लावा. घर्रर्र असा आवाज येतो. एका सेकंदात ४.६१५ मिलिसेकंद किती वेळा बसतात, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर सुमारे २१७ येते. तो घर्रर्र आवाज म्हणजे फोनच्या सेकंदाला २१७ वेळा येणाऱ्या पाळीचाच आवाज.

आता माझ्या २२ ग्रॅमच्या फोनचा हिशेब करू. त्याच्या बॅटरीवर ३५० मिलिअँपिअर-तास असा आकडा आहे. ३.७ व्होल्टने गुणले तर १.३ वॉट-तास. जीएसएम फोन जास्तीत जास्त २ वॉटने बोलतो, पण आठातली एकच पाळी त्याची, म्हणून सरासरी ०.२५ वॉट. प्रवर्धकात जवळपास तितकीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते असे धरले, तर साधारण अर्धा वॉट. म्हणजे टॉवर दूर असेल तर दोन-अडीच तास बोलणे. टॉवर जवळ असेल तर तोच फोनला आवाज कमी करायला सांगतो आणि काम काही मिलिवॉटवर भागते. माझा अनुभव या हिशेबाला धरूनच आहे. शहरात हा फोन दोन दिवस चालतो. गावी, जेथे टॉवर टेकडीपलीकडे आहे, तेथे दोन-चार लांब बोलणी झाली की संध्याकाळीच मान टाकतो. फोन तोच, बॅटरी तीच. फरक आहे तो टॉवरच्या अंतराचा.

लहानपणाची हद्द

शर्यत १९९९ नंतरही चालू राहिली. २००८ साली इस्राएलच्या मोदू कंपनीचा ४०.१ ग्रॅमचा फोन जगातला सर्वांत हलका म्हणून गिनेस बुकात नोंदला गेला. २०१७ साली झांको टायनी टी१ हा ४६.७ मिलिमीटर लांब, २१ मिलिमीटर रुंद आणि १३ ग्रॅम वजनाचा फोन आला. पण तोवर बाजार दुसरीकडे वळला होता. मोदू कंपनी २०११ साली बंद पडली. अंगठ्याएवढे फोन पळायला जाणाऱ्यांनी, पडद्यापासून सुटका हवी असणाऱ्यांनी आणि हौशी लोकांनी घेतले. ब्रिटनमध्ये ते तुरुंगांत चोरून नेले जाऊ लागले, तेव्हा २०१७ साली तेथील सरकारने त्यांच्या ऑनलाईन विक्रीलाच आक्षेप घेतला.

लहान होण्याला हद्द कोणी घातली? पहिली हद्द निसर्गाच्या नियमांची आहे. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींची तरंगलांबी ३३ सेंटिमीटर असते. चांगल्या अँटेनाची लांबी तिच्या पाव हिश्श्याएवढी, म्हणजे ८ सेंटिमीटरांच्या आसपास हवी. अँटेना गुंडाळता येते, दुमडता येते, पण फुकट नाही. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ साली आणि एल. जे. चू यांनी १९४८ साली दाखवून दिले की तरंगलांबीच्या तुलनेत अँटेना फार लहान केली, तर एकतर तिचा वारंवारतेचा पट्टा अरुंद होतो, नाहीतर ऊर्जा वाया जाते. १९९८-९९ पासून फोनची अँटेना बाहेरून दिसेनाशी झाली, कारण फोनच्या आतला सर्किट बोर्डच अँटेनाचा भाग म्हणून वापरला जाऊ लागला. पण सहा सेंटिमीटरांचा बोर्ड ३३ सेंटिमीटरांच्या लहरीला पुरा पडत नाही. गावाच्या ज्या कोपऱ्यात मोठ्या फोनला अजून दोन काड्या दिसतात, तेथे माझा लहान फोन मूग गिळून बसतो, तो यामुळेच.

दुसरी हद्द आपल्या शरीराची आहे. विद्यार्थ्यांना दोऱ्याने आपल्या कानापासून तोंडापर्यंतचे अंतर मोजायला सांगा. मोठ्या माणसात ते साधारण १२ ते १५ सेंटिमीटर भरते. जुन्या टेलिफोनचा रिसिव्हर यामुळेच तेवढा लांब असे. लहान फोनचा मायक्रोफोन गालापाशीच संपतो, म्हणून त्याला दुरून ऐकावे लागते आणि रस्त्यावरची सारी गडबडही तो उचलतो. माझ्याशी बोलणारे म्हणतात, "बस स्टँडवर आहेस का?" मी घराच्या अंगणात असते.

बटणांचीही हीच गोष्ट. आकड्यांच्या तीन रांगा २१ मिलिमीटरांत बसवायच्या, तर एका बटणाच्या वाट्याला जास्तीत जास्त ७ मिलिमीटर येतात. मोठ्या माणसाच्या बोटाचे टोक त्याच्या दुप्पट रुंद असते. मी हा फोन मुळात माझ्या आईसाठी घेतला होता. तिला कमरेच्या बटव्यात मावेल असा फोन हवा होता. आठ दिवसांत तिने तो परत दिला. म्हणाली, "अगं, एक दाबलं की दोन लागतात. बटव्यात छान मावतो, बोटात मावत नाही." तिच्या हाताला शेतकामाचे घट्टे आहेत. हा फोन बनवणाऱ्याने कोणाचे तरी बोट मोजले असेल, पण ते आईचे नव्हते.

तिसरी हद्द आपल्या लिपीची, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रोमन अक्षर ५ × ७ ठिपक्यांत वाचता येते. देवनागरीला शिरोरेषा हवी, वर वेलांटी आणि मात्रा हव्यात, खाली उकार हवेत. उंची जवळपास दुप्पट लागते. नखाएवढ्या पडद्यावर मग एखाद-दुसरी ओळच मावते. संदेशाच्या लांबीतही हेच घडते. एका एसएमएसमध्ये ११२० बिट असतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यातही 'विद्यार्थी' या एका शब्दात काना, वेलांट्या आणि हलन्त धरून १० चिन्हे होतात. हा शब्द सात वेळा लिहिला की संदेश संपला! माझ्या फोनमध्ये तर देवनागरी नाहीच. मराठीत आलेला निरोप चौकोनांची रांग बनून समोर येतो. लहानपणाची मापे ठरवताना आपली अक्षरे कोणाच्या नजरेसमोर नव्हती.

कानाकडून डोळ्याकडे

आता सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. फोन पुन्हा मोठे का झाले? कारण त्यांचे काम बदलले. आवाज आत शिरायला बारीकसे छिद्र पुरते. चित्र आणि मजकूर यांना जागा लागते, कारण डोळ्याला ठरावीक अंतरावरून ठरावीक आकाराचेच अक्षर वाचता येते. चिप कितीही लहान झाली तरी डोळा लहान होत नाही. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा ३.५ इंचांचा आणि वजन १३५ ग्रॅम होते. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंचांचा, १७८ ग्रॅमचा गॅलॅक्सी नोट आणला तेव्हा त्याच्या आकाराची थट्टा झाली. आज तो लहान वाटेल. ॲपलने २०२० आणि २०२१ साली मुद्दाम लहान असे 'मिनी' फोन काढून पाहिले, पण पुढे ती मालिकाच थांबवली. म्हणजे १९९९ साली ७९ ग्रॅमपर्यंत खाली आलेला काटा आज २०० ग्रॅमच्या आसपास पोचला आहे. मोठा पडदा उजळायला मोठी बॅटरी हवी, आणि मोठ्या बॅटरीला जागा हवी. आजच्या साध्या स्मार्टफोनच्या बॅटरीत माझ्या लहान फोनच्या चौदा-पंधरापट ऊर्जा असते.

मोदू कंपनीला हे आधीच उमगले होते असे दिसते. त्यांचा चिमुकला फोन वेगवेगळ्या 'जाकिटांत' बसवायचा होता, आणि मोठे पडदे नि बटणे त्या जाकिटांत असणार होती. इवल्याशा फोनलाही शेवटी माणसाच्या मापाचे कपडे घालावे लागले!

अर्धाच फोन आपला

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून पहिला फोन केला. तेव्हा मी शाळेत होते. त्या काळी फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत, त्यामुळे मोबाईल वाजला की आधी नंबर पाहायचा, तो बंद करायचा आणि जवळच्या पीसीओतून उलट फोन करायचा, हा सर्रास प्रकार होता. २००३ पासून आलेला फोन घेणे फुकट झाले. फोन तेच होते, पण त्यांचा उपयोग एका नियमाने बदलून टाकला. फोनची किंमत त्याच्या डबीत नसते, त्याच्यामागच्या व्यवस्थेत असते, हे आपण तेव्हाच अनुभवले होते. नाव मात्र दिले नव्हते.

मला ते उमगले ते सिंगापूरच्या विमानतळावर. एका परिषदेसाठी गेले होते आणि हौसेने हा लहान फोन बरोबर नेला होता. पडद्यावर एकही काडी उमटेना. बिघाड काहीच नव्हता. सिंगापूरने एप्रिल २०१७ मध्येच २जी सेवा बंद केली आहे, आणि माझा फोन तेवढी एकच भाषा जाणतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे तेथे कोणी उरले नव्हते. खिशात होते ते २२ ग्रॅम वजनाचे घड्याळ. जपान, ऑस्ट्रेलिया अशा इतर देशांतही हेच झाले आहे. आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या जिओने तर सुरुवातच ४जीपासून केली. इतर कंपन्यांच्या २जी सेवा मात्र चालू आहेत, आणि बटणांचा साधा फोन वापरणारे कोट्यवधी लोक भारतात आहेत.

३६ किलोंपासून २२ ग्रॅमपर्यंतचा हा प्रवास म्हणजे ओझे उतरवण्याचा प्रवास आहे. मोठ्याने बोलण्याचे ओझे जवळच्या टॉवरने घेतले, माणूस कोठे आहे हे लक्षात ठेवण्याचे ओझे एक्स्चेंजमधल्या संगणकाने घेतले, पाळी सांभाळण्याचे ओझे जाळ्याने घेतले. म्हणून फोन हलका झाला. पण ज्याच्या खांद्यावर ओझे दिले, त्याच्यावर विसंबूनही राहावे लागते. साधी सायकल आपण विकत घेतली की पुरी आपली होते. रस्ता खराब झाला तरी पायवाटेने चालवता येते. फोन विकत घेतला तर त्याचा खिशातला अर्धा भाग आपला होतो. उरलेला अर्धा टेकडीवर उभा असतो. तो कधी बदलायचा आणि कधी बंद करायचा, हे दुसरे कोणी तरी ठरवते. आणि फोन जितका लहान, तितका त्याचा टेकडीवरचा भाग मोठा.

आईला आता मोठ्या बटणांचा एक फोन घेऊन दिला आहे. तो बटव्यात मावत नाही, म्हणून तिने त्यासाठी खणाची नवी पिशवी शिवली. तोही २जीच आहे. टेकडीपलीकडचा टॉवर ज्या दिवशी ही जुनी भाषा विसरेल, त्या दिवशी तिचा मोठा आणि माझा लहान असे दोन्ही फोन एकदमच मुके होतील. तो निर्णय कधी ना कधी होईलच, आणि त्यामागे चांगली तांत्रिक कारणेही असतील, कारण नव्या पद्धती त्याच वाहिन्यांतून कितीतरी जास्त माहिती वाहून नेतात. पण तो घेताना आईसारख्यांची बोटे कोणी तरी मोजलेली असावीत, एवढीच अपेक्षा आहे.

वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना आपापल्या घरातले जुने फोन आणायला सांगा. वाण्याच्या काट्यावर त्यांचे वजन करा, खरेदीचे साल विचारा आणि आलेख काढा. काटा आधी खाली आणि मग वर गेलेला दिसेल. मग विचारा, वळण कोणत्या साली आले आणि त्या साली घरातली माणसे फोनवर नवे काय करू लागली होती? उत्तरे आजी-आजोबांना विचारूनच मिळवावी लागतील.